जोडीदार झोपेत किंचाळतो तेव्हा

रात्री साडेदहाला डोळा लागलेला माणूस बाराच्या सुमाराला ताडकन उठून बसतो. डोळे टक्क उघडे, कपाळावर घाम, छाती धपापलेली. घशातून असा आवाज निघतो की गल्लीतली कुत्री भुंकायला लागतात. शेजारी झोपलेली बायको "काय झालं, अहो काय झालं" म्हणत त्याला हलवते. तो तिच्याकडे बघतो, पण ओळख पटल्याची खूण चेहऱ्यावर नसते. कधी तो तिचाच दंड धरून तिला खाटेवरून खाली ओढतो, कारण त्याला भिंत अंगावर येताना दिसत असते. दोन-चार मिनिटांत सगळं ओसरतं. तो आडवा होतो, कूस बदलतो, घोरायला लागतो. सकाळी विचारलं तर म्हणतो, "मी? कधी?" तिने मात्र त्यानंतर घड्याळात दोन वाजलेले पाहिलेले असतात, तीन वाजलेले पाहिलेले असतात, आणि पहाटे भाकरीसाठी तिलाच उठायचं असतं.

याला वैद्यकात नाइट टेरर किंवा स्लीप टेरर म्हणतात. लहान मुलांमध्ये तो बराच आढळतो आणि बहुतेकांचा वयात येईपर्यंत जातो. शंभरातल्या एक-दोन प्रौढांना मात्र तो राहतो किंवा मोठेपणी नव्याने सुरू होतो. या त्रासाची एक अडचण दुसऱ्या कुठल्या आजारात सहसा सापडत नाही. ज्याला तो होतो त्याला त्याची आठवण बहुतेकदा नसते, आणि ज्याला सगळं आठवतं तो रुग्ण नसतो. डॉक्टरांना जे जे कळायला हवं ते सगळं शेजारच्या उशीवर जागं राहिलेल्या माणसाकडे असतं. म्हणून हा लेख त्या जाग्या माणसासाठी आहे, मग ती बायको असो की नवरा.

आधी झोपेत नेमकं काय घडतं ते पाहू. आपली झोप रात्रभर एकसारखी नसते. डोळा लागल्यावर साधारण तासाभरात मेंदू सर्वांत गाढ झोपेत उतरतो. या झोपेत मेंदूच्या विद्युतलहरी संथ आणि उंच होतात. अशी गाढ झोप रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात सर्वाधिक असते. स्वप्नांची झोप वेगळी; ती पहाटेकडे वाढत जाते. रात्री घाबरून उठणं म्हणजे भयानक स्वप्न, असं पूर्वी डॉक्टरही धरून चालायचे. कॅनडाचे रॉजर ब्रॉटन यांनी 1968 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं की झोपेत चालणं आणि रात्रीचे हे भयाचे झटके स्वप्नांच्या झोपेतून येतच नाहीत. गाढ झोपेतून जागं होण्याची क्रिया अर्धवट राहिली की ते उद्भवतात.

अर्धवट म्हणजे किती, ते 2009 मध्ये इटलीतल्या एका नोंदीतून दिसलं. मिरगीच्या शस्त्रक्रियेच्या तपासणीसाठी एका तरुणाच्या मेंदूत आतवर इलेक्ट्रोड बसवलेले होते, आणि त्याच काळात त्याला झोपेतून असं अर्धवट उठण्याचा प्रसंग आला. त्या क्षणी हालचालीचा आणि भावनेशी निगडित असलेला भाग जागा झाला होता, तर विचार करणाऱ्या आणि भोवतालचं भान ठेवणाऱ्या भागांत गाढ झोपेच्या लहरी तशाच चालू होत्या. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे समजवायला फार शब्द लागत नाहीत. सिंगल फेज असली की घरातला बल्ब लागतो, पण विहिरीवरची मोटर फिरत नाही. डोळे उघडे असणं हा तो बल्ब, आणि विचारशक्तीची मोटर त्या वेळी बंद असते. अशा माणसाला "अहो, मी आहे ना" असं दहा वेळा सांगूनही पोहोचत नाही, ते यामुळे. तो हट्टी नाही, नाटक करत नाही, आणि बायकोवरचा कुठला जुना रागही बाहेर काढत नाही. ही शेवटची शंका अनेक जणी मनात ठेवून वर्षं काढतात, म्हणून ती इथे मुद्दाम खोडून काढतो.

मोठ्या माणसांना कधी कधी तुकडे आठवतात: छत पडतंय, खोलीत कोणी उभं आहे, अंथरुणात साप आहे. सलग गोष्ट नसते, एकच चित्र आणि त्याची भीती असते. रात्री शेताला पाणी भरायला जाणाऱ्याच्या मनात साप असणं आश्चर्याचं नाही. आणि बायकोला ओढणारा माणूस बहुतेक वेळा तिला त्या सापापासून, त्या भिंतीपासून वाचवत असतो.

आता घरात काय होतं ते पाहू. धुळे-अमळनेर पट्ट्यात अशा रात्रीनंतर सकाळी एखादी म्हातारी अहिराणीत म्हणते, "बाहेरनं काही शे". बाहेरचं म्हणजे बाहेरची बाधा. मग अंगारा येतो, लिंबू येतो, भगताकडे नेण्याची बोलणी होतात. आजीने संध्याकाळी मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली तर त्याने बिघडत काही नाही. तिच्या मायेचा तो मार्ग आहे. पण झटका चालू असताना मिरच्यांची धुरी, तोंडावर पाण्याचा हबका, चप्पल किंवा कांदा हुंगवणं आणि भोवती घरातल्या सगळ्यांची गर्दी, यांनी झटका लांबतो आणि इजा व्हायची शक्यता वाढते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं, चटके देणं हा तर गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

याहून जास्त जखम करणारी गोष्ट बोलण्यातली असते. लग्न नवं असेल तर "ही आल्यापासून सुरू झालं" असं म्हटलं जातं. सुनेचा पायगुण निघतो. त्याच घरातल्या थोरल्या आत्याला एकदा शांतपणे विचारावं. पुष्कळदा ती सांगते की हा लहानपणीही दचकून उठायचा, आणि याचे वडीलही झोपेत उठून दाराशी जायचे. हा त्रास घराण्यात उतरतो. कॅनडातल्या क्युबेकमध्ये मुलांच्या मोठ्या गटाचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: आईवडील दोघांनाही झोपेत चालण्याचा इतिहास नव्हता तिथे 22 टक्के मुलं केव्हा ना केव्हा झोपेत चालली, एका पालकाला होता तिथे 47 टक्के, आणि दोघांनाही होता तिथे 61 टक्के. झोपेत चालणं आणि भयाचे झटके ही एकाच मुळाची दोन रूपं आहेत, त्यामुळे हे आकडे इथेही उपयोगी पडतात. पायगुणाचा आरोप याने खोटा पडतो.

बाईला झटके येत असतील तर तिची अवस्था आणखी कठीण. पुरुष ओरडला तर तो दमलेला, बाई ओरडली तर ती झपाटलेली. तिला माहेरी पाठवून द्यायची भाषा होते. या प्रसंगी नवऱ्याने आईसमोर आणि भावकीसमोर "हा झोपेचा आजार आहे, मी डॉक्टरांना दाखवतोय" हे एक वाक्य स्पष्ट आवाजात म्हटलं, तर औषधाइतकाच त्याचा उपयोग होतो असं मला वाटतं.

वारसा ही जमीन झाली. झटका उगवतो तो बहुतेकदा झोपेच्या थकबाकीतून. आणि थकबाकी हा आपल्या भागाचा खास विषय आहे. कृषिपंपांची थ्री फेज वीज वर्षानुवर्षं चक्राकार पद्धतीने येत आली: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सौर कृषी वाहिनीमुळे काही फीडरांवर दिवसाची वीज येऊ लागली आहे, पण रब्बीत गव्हाला, हरभऱ्याला, रावेर-यावलच्या केळीला पाणी द्यायला रात्री बॅटरी घेऊन निघणारी माणसं अजून आहेत. भुसावळात रेल्वेचा रनिंग स्टाफ आहे, दीपनगरला वीजकेंद्राच्या पाळ्या आहेत, जळगावच्या एमआयडीसीत रात्रपाळी आहे, धुळ्यात राज्य राखीव दलाचे जवान बंदोबस्तावरून दोन-दोन रात्री जागून घरी येतात. जागरणानंतर मेंदू आधी गाढ झोपेची वसुली करतो. ती झोप नेहमीपेक्षा खोल असते, आणि तिच्यातून अर्धवट वर येण्याचा धोकाही तेवढाच मोठा असतो.

हे प्रयोगशाळेत तपासलं गेलं आहे. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी 2008 मध्ये झोपेत चालणाऱ्या दहा जणांना 25 तास जागं ठेवलं, मग झोपू दिलं आणि गाढ झोपेत असताना मोठा आवाज केला. दहाच्या दहा जणांना झटका आला. ज्यांना मुळात हा त्रास नाही त्यांच्यापैकी कोणालाही आला नाही. त्याआधी, 1970 च्या दशकात, न्यूयॉर्कच्या चार्ल्स फिशर यांनी गाढ झोपेत बझर वाजवून भयाचे झटके मुद्दाम घडवून आणले होते. म्हणजे वारसा, थकबाकी आणि वरून एखादा धक्का असा हा हिशेब आहे. धक्का आवाजाचा असेल, भरलेल्या मूत्राशयाचा असेल, तापाचा असेल, किंवा स्वतःच्याच घोरण्याचा.

यातला वारसा बदलत नाही, बाकीच्या दोन गोष्टी बदलता येतात. रात्रीच्या पाण्याचा आठवडा असेल तर दुपारी पडदा ओढून दीड-दोन तासांची झोप ठरवून घ्यावी. भावाभावांत रात्री वाटून घ्याव्यात. ऑटो स्टार्टर किंवा मोबाइल स्टार्टर बसवला तर निदान नुसतं बटण दाबायला उठणं वाचतं. लाइट आल्याचा गजर ज्या फोनवर वाजतो तो उशाशी नको. मध्यरात्री वाजणारा तो गजर म्हणजे फिशर यांचा बझरच. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 च्या वर जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात, आणि लग्नसराईची जागरणं त्याच दिवसांत असतात. ज्या घरात हा त्रास आहे तिथे उन्हाळ्यात झटके वाढले तर नवल वाटून घेऊ नये.

घोरण्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. घोरता घोरता श्वास मध्येच अडकतो, मग मोठा हुंकार देऊन सुरू होतो, दिवसा बसल्या जागी डुलकी लागते, सकाळी डोकं जड असतं, अशा माणसाला स्लीप ॲप्निया असू शकतो. प्रत्येक अडकलेला श्वास मेंदूला खालून वर ढकलतो, आणि त्या ढकलण्यातून भयाचा झटका सुटतो. अशा वेळी श्वासाचा उपचार झाला की किंकाळ्याही थांबू शकतात. दारूचंही असंच आहे. "एक पेग घेतला की गाढ झोप लागते" हे म्हणणं या माणसांसाठी धोक्याचं, कारण दारू झोप तुकड्यातुकड्यांची करते आणि घोरणं वाढवते. झोपेच्या काही गोळ्या, विशेषतः झोल्पिडेम, उलट झोपेतलं वागणं सुरू करतात. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने गोळी आणून देण्याचा मार्ग म्हणून सोडून द्यावा.

प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी जागं करायची धडपड करू नये. हलवू नये, कवळ घालू नये, दारात आडवं उभं राहू नये. अमेरिकेतले मार्क प्रेसमन यांनी 2007 मध्ये अशा अवस्थेतल्या हिंसेच्या प्रकाशित वैद्यकीय आणि न्यायालयीन नोंदी तपासल्या. त्यात मारहाण झाली ती बहुतांशी कोणी जवळ गेल्यावर, हात लावल्यावर किंवा अडवल्यावर. झोपलेला माणूस मुद्दाम कोणाला शोधून मारायला जात नाही. त्याला पकडणारा हात त्याच्या भीतीतला शत्रू होतो. म्हणून हाताच्या अंतराबाहेर सरकावं, शेजारचं मूल उचलून बाजूला न्यावं, मंद दिवा लावावा. हळू, खालच्या पट्टीत, एकच वाक्य परत परत म्हणावं: "सगळं ठीक आहे, झोपा." प्रश्न विचारू नयेत, कारण प्रश्नाला उत्तर देणारा भाग झोपलेला आहे. माणूस उठून चालायला लागला तर समोरून न अडवता बाजूने चालत, आवाजानेच त्याला अंथरुणाकडे वळवावं. जिना, गच्चीचा कठडा, रस्ता असा खरा धोका समोर असेल तर मात्र हात धरावाच लागतो. तिथे मागून, दंडाला, आणि दोन माणसं असतील तर उत्तम. झटका ओसरल्यावर त्याला उठवून "तुम्हाला माहितीये का तुम्ही काय केलंत" असं सांगत बसू नये. सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर नक्कल तर मुळीच करू नये. लाजेपोटी माणूस झोपायलाच घाबरू लागतो, आणि थकबाकी आणखी वाढते.

झोपायची जागा हा खान्देशात गंभीर मुद्दा आहे. उन्हाळ्यात धाब्यावर, गच्चीवर अंथरुणं टाकायची आपली रीत. धाब्याला कठडा नसतो, शिडी उघडी असते. ज्याला झटके येतात त्याने वर झोपू नये. अंगणात खाट टाकावी, नाही तर खालच्या खोलीत कूलरसमोर झोपावं. शेतात मुक्काम असेल तर बिनकठड्याच्या विहिरीपासून लांब, आणि एकट्याने नको. उंच पलंगापेक्षा जमिनीवरची गादी बरी. उशाशी टेबलफॅन, काचेचा तांब्या, विळा-कोयता नको. काचेच्या खिडकीकडे डोकं नको. दाराला घुंगरू किंवा घंटी बांधली तर तो उठून निघाल्याचं कळतं. बाहेरून कडी लावून कोंडू मात्र नये. आग लागली किंवा श्वास कोंडला तर ती कडीच जीव घेईल.

रात्री ओरडणारा प्रत्येक माणूस नाइट टेररचाच असतो असं नाही, आणि इथे जाग्या माणसाचं निरीक्षण सगळ्यात मोलाचं ठरतं. भयानक स्वप्नातून उठणारा लगेच भानावर येतो आणि स्वप्न सांगतो. वेळ सहसा पहाटेची. जाग आहे, छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय आणि हात हलत नाही, असं सांगणाऱ्याला स्लीप पॅरालिसिस आहे. तो ओरडू पाहतो, पण आवाज फुटत नाही. अपघात, मारहाण, दंगल किंवा जवळच्याचा मृत्यू पाहिलेल्याला तोच प्रसंग पुन्हा पुन्हा दिसत असेल तर तो मानसिक आघाताचा भाग असू शकतो. एकाच रात्री तीन-चार वेळा, दर वेळी अगदी तीच हालचाल, तोच हात वाकडा, आणि सगळं मिनिटभराच्या आत संपतं, असं असेल तर झोपेतल्या मिरगीची शंका घ्यावी.

आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल, पूर्वी कधी त्रास नसेल, पहाटेच्या सुमाराला लाथा-बुक्क्या चालत असतील आणि उठवल्यावर "चोराशी झटापट चालली होती" असं सांगत असेल, तर ते वेगळंच दुखणं आहे. स्वप्नांच्या झोपेत स्नायू शिथिल राहायला हवेत, ते राहत नाहीत. अमेरिकेत मिनियापोलिसच्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड यांनी 1986 मध्ये त्याचं वर्णन केलं. अशा अनेक रुग्णांमध्ये पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या जातीचे मेंदूचे विकार दिसले. म्हणून म्हाताऱ्या वडिलांच्या लाथांवर हसण्यापेक्षा त्यांना न्यूरोलॉजिस्टकडे न्यावं.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी न्याव्यात. एक, वही. तीन-चार आठवडे रोज लिहायचं: झोपला किती वाजता, झटका किती वाजता, किती मिनिटं, काय केलं, आदल्या रात्री किती झोप, त्या दिवशी दारू, ताप, भांडण, रात्रीचं पाणी होतं का. दुसरी, मोबाइलवरचं चित्रण. ते त्याला आधी सांगून, त्याच्या संमतीने करावं आणि डॉक्टरांखेरीज कोणाला दाखवू नये. नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलेला असा व्हिडिओ आयुष्यभर पुरतो. धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. तिथे जाणं म्हणजे वेड लागलं असं नाही. झोपेचं दुखणं तिथेही पाहिलं जातं. घोरण्याचा संशय असेल तर छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. गरज पडली तर रात्रभराची झोपेची तपासणी करतात. तिच्यासाठी नाशिक, पुणे किंवा मुंबई गाठावी लागू शकते. साध्या, नेहमीच्या झटक्यांना दर वेळी ती लागतही नाही.

उपचारात पहिला क्रम झोप पुरी करण्याचा आणि धक्के काढण्याचा. ताण कमी करण्याचं समुपदेशन, काहींना संमोहनोपचार, आणि झटक्याची वेळ ठरलेली असेल तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटं हलकेच जागं करून पुन्हा झोपवणं. हा शेवटचा उपाय मुलांमध्ये जास्त वापरला गेला आहे. झटके वारंवार आणि धोक्याचे असतील तर क्लोनाझेपामसारखं औषध देतात. ते फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीने. त्याची सवय लागू शकते, आणि स्लीप ॲप्निया असलेल्याला ते अपाय करू शकतं.

राहिली ती जागी राहणारी. वर्षानुवर्षं दर रात्री कान टवकारून झोपणाऱ्या बाईला झोपेचा स्वतंत्र आजार जडतो: डोळा लागत नाही, चिडचिड होते, दुपारी स्कूटीवर डुलकी येते. तिने वेगळ्या अंथरुणावर, वेगळ्या खोलीत झोपणं हा संसारात बेबनाव नाही. आठवड्यातल्या तीन रात्री जरी ती सासूजवळ किंवा मुलांजवळ निर्धास्त झोपली, तरी उरलेल्या चार रात्री तिला निभावता येतात. सासूला कारण सांगून टाकावं, म्हणजे कुजबुज थांबते. तिची भीती नवऱ्याला कळायलाच हवी. त्याला ती रात्र आठवत नाही, म्हणून तिने ती दिवसा, दोघंच असताना, दोष न देता सांगावी. तो ऐकून ओशाळेल, कदाचित विश्वास ठेवणार नाही. तेव्हा वही पुढे करावी. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे दोघांनी जाताना तिने आपल्या नावाचाही केसपेपर काढावा. लगेच जाणं जमत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. 14416 या क्रमांकावर फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं, आणि तो रात्री दोन वाजताही उचलला जातो.